हळद, डाळिंब, जवस: सूज कमी होते ती नक्की कशाने?

युरोलिथिन ए नावाच्या गोळ्या आणि पावडरी हल्ली ऑनलाइन विकल्या जातात, जाहिरातीत डाळिंबाचं लालभडक चित्र असतं, आणि गंमत अशी की डाळिंबात युरोलिथिन ए नसतंच. दाण्यात नाही, रसात नाही, सालीतही नाही. ते बनतं आपल्या मोठ्या आतड्यात, तिथले काही ठराविक बॅक्टेरिया डाळिंबातल्या भलत्याच एका पदार्थाचे तुकडे करतात तेव्हा, आणि ज्याच्या पोटात ते बॅक्टेरिया नाहीत त्याने सोलापूरचं अख्खं मार्केट खाल्लं तरी त्याच्या रक्तात ते दिसणार नाही.

हे आधीच सांगितलं कारण "सूज कमी करणारे पदार्थ" या विषयावर जे काही फिरत असतं त्यात हा मधला टप्पा गायबच असतो. हळदीत कर्क्युमिन असतं, जांभळात अमुक असतं, ग्रीन टीमध्ये तमुक असतं, म्हणून खा. यादी बहुतेक वेळा बरोबरच असते हो, पण घास तोंडात टाकल्यापासून सांध्यापर्यंत किंवा रक्तवाहिनीपर्यंत जायच्या वाटेत त्या पदार्थाचं इतकं काही होतं की शेवटी जे पोचतं ते मूळ पदार्थ नसतंच बऱ्याचदा, त्याचा मेटाबोलाइट असतो, म्हणजे शरीराने किंवा पोटातल्या बॅक्टेरियांनी त्यापासून बनवलेला नवा पदार्थ. माझ्या मते या सगळ्या विषयातली खरी इंटरेस्टिंग गोष्ट हीच आहे, बाकी याद्या कुणीही देतं.

आधी सूज म्हणजे काय ते पटकन बघू. बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, गरम लागतं, दुखतं. ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलीयत, आणि आजही मेडिकलच्या पोरांना तीच शिकवतात. ही सूज चांगली, ती नसेल तर साध्या जखमेने माणूस जायचा. प्रॉब्लेम आहे दुसऱ्या प्रकारच्या सुजेचा, जी दिसत नाही, दुखत नाही, पण वर्षानुवर्षं मंद चालू राहते. पोटावरची चरबी, सिगरेट, झोपेचे बारा वाजलेले, हिरड्यांचं जुनं इन्फेक्शन, अशा कशाकशाने ती धुमसत राहते आणि तिचं नातं हार्ट अटॅक, डायबेटीस, फॅटी लिव्हर यांच्याशी लागतं. ती मोजायची सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे सीआरपी, लिव्हर बनवतं ते एक प्रोटीन, १९३० मध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडलेलं. त्याची हाय सेन्सिटिव्हिटी वाली टेस्ट केली आणि आकडा लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली आला तर हृदयाच्या दृष्टीने रिस्क कमी, ३ च्या वर गेला तर जास्त असं धरतात. अर्थात सर्दी-ताप असताना ही टेस्ट करून घाबरून जाण्यात काही अर्थ नाही, तेव्हा ती वाढणारच.

आता कुणी म्हणेल की सूज आणि हार्ट अटॅक सोबत दिसतात म्हणून काय झालं, एकामुळे दुसरं होतं कशावरून? बरोबर शंका आहे. त्याचं बऱ्यापैकी ठोस उत्तर २०१७ मध्ये कँटोस नावाच्या ट्रायलने दिलं. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ लोक घेतले, काहींना इंटरल्युकिन-१ बीटा हा सुजेचा एक सिग्नल बंद करणारं इंजेक्शन दिलं, कोलेस्टेरॉलला हातही लावला नाही, आणि १५० मिलिग्रॅमच्या डोसला पुन्हा अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून १५ टक्क्यांनी कमी झालं. पण त्याच ट्रायलमध्ये जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली. म्हणजे सूज पार दाबून टाकणं हे काही शहाणपणाचं नाही, तिला वेळेवर थांबवता आलं पाहिजे. खाण्यापिण्यातून जे काही होतं ते या थांबवण्याच्या प्रकारात मोडतं, हळू आणि थोडं.

पेशीच्या आत हे कसं चालतं? तिथे एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रोटीन आहे. १९८६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या लॅबमध्ये रंजन सेन या संशोधकाने ते शोधलं. एरवी ते दावणीला बांधलेल्या बैलासारखं शांत उभं असतं, दावं म्हणजे आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रोटीन. बॅक्टेरियाचा तुकडा दिसला, जखम झाली, की एक एन्झाइम येऊन ते दावं कापतं आणि बैल सुटतो तो थेट पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि सूज आणणारे शेकडो जीन्स चालू करतो. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ हे सुजेचे सिग्नल, आणि कॉक्स-२, म्हणजे ज्याला आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अडवतात ते एन्झाइम, हे सगळे त्याच यादीतले. वनस्पतींमधले बरेच घटक हे दावं कापणाऱ्या एन्झाइमला अडवतात असं लॅबमध्ये दिसतं.

दुसरा मार्ग आहे एनआरएफ-२ नावाच्या प्रोटीनचा, आणि हा मला जास्त आवडतो कारण तो उलट्या लॉजिकवर चालतो. वनस्पती हे घटक आपल्यासाठी बनवत नाहीत, त्या बनवतात किडे पळवायला, बुरशी मारायला, उन्हापासून वाचायला. म्हणजे आपल्या पेशींच्या दृष्टीने हे सौम्य विषच. ते थोडंसं आत आलं की पेशी दचकते, एनआरएफ-२ ला जागं करते, आणि स्वतःच्या संरक्षणाची एन्झाइम्स वाढवते, ज्याचा फायदा सूज कमी व्हायला होतो. "अँटिऑक्सिडंट" म्हणून जे विकतात ना, की हा ज्यूस जाऊन फ्री रॅडिकल्स पुसून काढतो, ते शरीरात तसं थेट फारसं होत नाही, कारण रक्तात त्या घटकांचं प्रमाणच अगदी किरकोळ असतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट ताकद याचा एक मोठा तक्ता वेबसाइटवर ठेवला होता, ओरॅक व्हॅल्यू म्हणायचे त्याला, तो त्यांनी २०१२ मध्ये काढूनच टाकला, कारण टेस्ट ट्यूबमधला तो आकडा माणसाच्या शरीरात काय होतं ते सांगत नाही आणि कंपन्या मात्र तो जाहिरातीत वापरत होत्या. आजही पाकिटांवर तो आकडा दिसला तर खुशाल दुर्लक्ष करा.

चला आता हळदीकडे, कारण ती टाळून पुढे जाता येत नाही. सांगली म्हटलं की हळद, वर्ध्याच्या वायगावची हळद आहे, आपल्याकडे लागलं-खुपलं की पहिला हात हळदीच्या डब्यातच जातो. हळदीत वजनाच्या साधारण ३ टक्के कर्क्युमिन असतं, कमीजास्त होतं वाणाप्रमाणे. समजा दिवसभराच्या भाजी-आमटीतून २ ग्रॅम हळद पोटात गेली तर कर्क्युमिन झालं ६० मिलिग्रॅम. ट्रायल्समध्ये देतात ५०० मिलिग्रॅमपासून २ ग्रॅमपर्यंत. बरं, हे सगळं रक्तात गेलं असतं तरी काही तरी बात होती, पण जात नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि लिव्हर मिळून लगेच ग्लुकुरोनिक ॲसिडचा किंवा सल्फेटचा एक तुकडा चिकटवून बाहेर काढायच्या तयारीला लागतात. काही ग्रॅम कर्क्युमिन खाऊनसुद्धा रक्तात मूळ कर्क्युमिन नॅनोमोलरच्या घरात मिळतं, किंवा मिळतच नाही. (मोलर हे द्रवात किती पदार्थ आहे ते मोजायचं एकक, नॅनोमोलरच्या हजारपट मायक्रोमोलर, आणि त्याच्याही हजारपट मिलिमोलर.)

आणि इथे लॅबमधल्या प्रयोगांची खरी गोची आहे. डिशमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर ५ ते ५० मायक्रोमोलर कर्क्युमिन ओतायचं, एनएफ-कप्पा-बी बंद पडलं की पेपर लिहायचा. असे हजारो पेपर आहेत. पण त्या पेशींना माणसाच्या शरीरात तेवढं कर्क्युमिन कधी भेटणारच नाही, शेकडो पटीने कमी भेटेल, आणि भेटेल तेही बहुतेक चिकटवलेल्या तुकड्यासकट. शिवाय कर्क्युमिन हा रेणू जरा फसवा आहे, तो स्वतःच चमकतो, बऱ्याच प्रोटीन्सना चिकटतो, त्यामुळे टेस्टमध्ये "काम केलं" असा खोटा सिग्नल देतो. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्राच्या एका मोठ्या जर्नलमध्ये काही संशोधकांनी या सगळ्याचा हिशोब मांडला तेव्हा बरीच खळबळ झाली होती.

काळी मिरीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं होतं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण २० पट वाढतं, जाहिरातीत ते "२००० टक्के" म्हणून येतं. आकडा खरा आहे. पण वाढ पहिल्या तासाभरातली होती, लोक मोजकेच होते, आणि जवळपास शून्याची वीसपट म्हणजे किती, ते आपणच बघा. शिवाय पायपरीन हे काम करतं तेच मुळी लिव्हरच्या त्या तुकडा चिकटवायच्या यंत्रणेला अडवून, म्हणजे तुमची दुसरी औषधं चालू असतील, फिट्सची फेनिटॉइन वगैरे, तर त्यांचंही प्रमाण रक्तात वाढू शकतं. आमटीत मिरी घातली तर काही होत नाही, मी गोळीतल्या पायपरीनबद्दल बोलतोय.

मग हळद काहीच करत नाही का? तसंही नाही म्हणता येत. १९८० मध्येच आपल्याकडे १८ संधिवाताच्या पेशंटवर रोज १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिनचा छोटा अभ्यास झाला होता आणि त्यात सकाळचा ताठरपणा, सांध्यांची सूज थोडी कमी झालेली दिसली. त्यानंतर गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसवर, म्हणजे सांध्याच्या झिजेवर, बऱ्याच ट्रायल्स झाल्या, बहुतेक लहान, पण एकत्र केल्या तर दुखणं काही प्रमाणात कमी होतं असं दिसतं. रक्तात पोचत नाही आणि तरी थोडाफार फरक पडतो, हे कोडंच आहे. त्याची दोन उत्तरं लोक मांडतात. एक म्हणजे कर्क्युमिन रक्तात नसलं तरी आतड्यात भरपूर असतं, तिथेच ते आतड्याच्या भिंतीवर आणि बॅक्टेरियांवर काहीतरी करत असेल. दुसरं उत्तर जास्त भारी आहे.

तो जो तुकडा लिव्हरने चिकटवला ना, तो चिकटला की रेणू सहसा निष्क्रिय होतो. पण सूज असते त्या जागी आपल्या पांढऱ्या पेशी बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतात, आणि ते एन्झाइम नेमका हाच तुकडा तोडतं. म्हणजे रक्तात निष्क्रिय फिरणारा रेणू सुजलेल्या जागी आला की तिथेच मोकळा होतो आणि कामाला लागतो, आणि जिथे सूज नाही तिथे तसाच पुढे जातो. कांद्यातल्या क्वेर्सेटिनच्या बाबतीत मॅक्रोफेज नावाच्या इम्यून पेशींमध्ये हे दिसलंय, कर्क्युमिनच्या बाबतीत उंदरांच्या हाडांमधल्या मज्जेत दिसलंय. माणसात हे किती प्रमाणात होतं ते अजून पक्कं झालेलं नाही, पण कल्पना सुरेख आहे यात वाद नाही.

आणि ही कल्पना काही हवेतली नाही, कारण आपण शरीराकडून औषध बनवून घ्यायचं काम पूर्वीपासून करतोय. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं होतं की विलोच्या झाडाची साल वाळवून, पूड करून दिली तर ताप उतरतो. त्या सालीत असतं सॅलिसिन, आणि सॅलिसिन स्वतः फार काही करत नाही, आतड्यातले बॅक्टेरिया त्यातली साखर तोडतात, मग लिव्हर त्याचं सॅलिसिलिक ॲसिड बनवतं, आणि काम करतं ते सॅलिसिलिक ॲसिड. त्याच्यापासूनच पुढे १८९७ मध्ये बायर या जर्मन कंपनीत ॲस्पिरिन बनलं, आणि ते नक्की कसं चालतं हे कळायला १९७१ उजाडलं, जॉन व्हेन यांनी ते शोधलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. संधिवाताला आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या जुनाट सुजेला, डॉक्टर आजही सल्फासॅलाझिन देतात, तेही तसंच आहे, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्या गोळीतल्या रेणूचे दोन तुकडे करतात तेव्हाच तिचा उपयोग होतो. तर पोटातले बॅक्टेरिया औषध बनवतात हे डॉक्टरांना नवीन नाही, आपण खाण्याच्या बाबतीत त्याचा विचार उशिरा सुरू केला इतकंच.

आता डाळिंब. त्यात प्युनिकॅलाजिन नावाचा एक अवाढव्य टॅनिन असतो, तुरट चव देणाऱ्यांपैकी. तो इतका मोठा आहे की जसाच्या तसा शोषला जात नाही. पोटात आणि लहान आतड्यात त्याच्यापासून इलाजिक ॲसिड सुटतं, तेही फारसं शोषलं जात नाही, मग उरलेलं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे गॉर्डोनिबॅक्टर आणि त्याचे काही भाईबंद त्याचा एकेक भाग टप्प्याटप्प्याने काढत युरोलिथिन बनवतात. हे चांगलंच शोषलं जातं आणि रक्तात मायक्रोमोलरपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे मूळ पदार्थापेक्षा कितीतरी जास्त. डाळिंब आज खाल्लं तर युरोलिथिन लघवीत उद्या दिसायला लागतं आणि दोन-तीन दिवस दिसत राहतं. (युरोलिथिन शास्त्रज्ञांना आधी कुठे भेटलं माहितीये? मेंढ्यांच्या मुतखड्यात, १९६४ मध्ये. डाळिंबाशी संबंध लागायला अजून काही दशकं जायची होती.)

स्पेनमधल्या मुर्सियाच्या एका गटाने यावर बरंच काम केलंय आणि त्यांनी माणसांचे तीन प्रकार केलेत. काही जण मुख्यतः युरोलिथिन ए बनवतात, काही जण त्यासोबत आयसोयुरोलिथिन ए आणि युरोलिथिन बी बनवतात, आणि काही जण काहीच बनवत नाहीत, साधारण दहात एक असा हा तिसरा गट, अभ्यासागणिक आकडा बदलतो. तीन माणसं शेजारी बसून तेवढंच डाळिंब खातात आणि तिघांच्या शरीरात तीन वेगळ्या गोष्टी जातात. सोयाबीनचंही असंच आहे, त्यातल्या डेडझीनपासून इक्वॉल बनवता येणारे लोक जपान-चीनकडे निम्म्याच्या आसपास आणि पाश्चात्त्य देशात पंचवीस ते तीस टक्के. त्यामुळे एखाद्या ट्रायलमध्ये "सरासरी फरक पडला नाही" असं आलं तर त्याचा अर्थ कुणालाच फरक पडला नाही असा होत नाही कधीकधी, आणि हो, उलटही खरं, तुमच्या मावशीला फरक पडला म्हणजे तुम्हाला पडेलच असं नाही.

डाळिंबाबद्दल अजून एक गोष्ट, जी सोलापूर-सांगोल्याच्या लोकांना आवडेल की नाही माहीत नाही. प्युनिकॅलाजिनचा मोठा साठा दाण्यात नसतो, सालीत आणि आतल्या पिवळट पापुद्र्यात असतो. अख्खं फळ दाबून काढलेल्या फॅक्टरीच्या रसात ते लिटरला दीड ग्रॅमच्या वर मिळालंय, कारण दाबताना सालीतलं रसात उतरतं, आणि दाणे काढून केलेल्या रसात त्यामानाने अगदी थोडं. म्हणजे आपण दाणे सोलून, पापुद्रा निवडून टाकून, मिक्सरमधून काढून, वरून गाळून जो सुंदर गोड रस करतो, त्यात या दृष्टीने फार काही उरत नाही. जुन्या बायका डाळिंबाची साल वाळवून ठेवायच्या, जुलाबाला आणि खोकल्याला, तिच्यात हा टॅनिन ठासून भरलेला. म्हणून आता सालीचा काढा रोज प्या असं मी म्हणत नाहीये, तुरट टॅनिन जास्त झाले तर लोह शोषायला अडचण होते आणि पोटही अडतं. अक्रोड, स्ट्रॉबेरी, जांभूळ यांतूनही इलाजिक ॲसिड मिळतंच.

थेट युरोलिथिन ए खाल्लं तर? तेच तर ती पाकिटं विकतात. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखवलं की त्याने पेशीतले जुने, खराब झालेले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणारे भाग, मोडीत काढायचं काम वाढतं, आणि छोट्या किड्यांचं आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढलं. खराब मायटोकाँड्रिया हे सुजेचं एक कारण असतंच, त्यामुळे धागा जुळतो. पण आपण किडे नाही. २०२२ मध्ये ६६ वयस्कर लोकांवर चार महिन्यांची ट्रायल आली, रोज १ ग्रॅम. स्नायूंचा दम थोडा वाढला, सीआरपी कमी झालं, पण जे मुख्य मोजायचं ठरवलं होतं, सहा मिनिटांत किती चालता येतं ते, त्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, ठळक फरक नाही. खर्च युरोलिथिन विकणाऱ्या कंपनीचा होता. मला यातून "आशा आहे" एवढंच दिसतं, हजारो रुपये महिना घालावे इतकं नाही.

त्यापेक्षा मला जास्त भरवसा वाटतो तो सगळ्यात कंटाळवाण्या गोष्टीवर, फायबरवर. त्याची जाहिरात कुणी करत नाही कारण ज्वारी-बाजरीत, नाचणीत, उसळीत, भाजीच्या देठात ते फुकटात येतं. फायबर आपल्याला पचत नाही, बॅक्टेरियांना पचतं, आणि ते पचवताना ते ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट बनवतात. यातलं ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य जेवण, त्यांची सत्तर टक्क्यांच्या आसपास एनर्जी त्यातूनच येते. त्या पेशी धडधाकट असल्या तर आतड्याची भिंत घट्ट राहते आणि बॅक्टेरियांचे तुकडे रक्तात झिरपत नाहीत, जे झिरपले की तो आधी सांगितलेला बैल सुटलाच. शिवाय २०१३ मध्ये एकापाठोपाठ एक अभ्यास आले की उंदरांमध्ये ब्युटिरेट आणि असली ॲसिड्स रेग्युलेटरी टी पेशी वाढवतात, म्हणजे बाकीच्या इम्यून पेशींना "बास झालं आता" सांगणाऱ्या. आणि इथे प्रमाणाची बोंब नाही, मोठ्या आतड्यात ही ॲसिड्स मिलिमोलरमध्ये असतात, कर्क्युमिनच्या नॅनोमोलरच्या तुलनेत लाखो पट. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये डब्ल्यूएचओसाठी केलेला मोठा आढावा आला, त्यात जास्त फायबर खाणाऱ्यांमध्ये कमी खाणाऱ्यांपेक्षा एकूण मृत्यू आणि हृदयविकाराचे मृत्यू १५ ते ३० टक्के कमी दिसले, आणि दिवसाला २५ ते २९ ग्रॅम हा बऱ्यापैकी चांगला टप्पा आहे असं निघालं. भात शिजवून थंड केला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो आणि तोही बॅक्टेरियांच्याच वाट्याला जातो, म्हणजे सकाळच्या फोडणीच्या भातालाही थोडी इज्जत द्यायला हरकत नाही, फक्त रात्री तो बाहेर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवा.

विदर्भातली जवसाची चटणी या बाबतीत एकदम हुशार पदार्थ आहे. जवसात लिग्नन नावाचे घटक असतात, तिळातही असतात, आणि पोटातले बॅक्टेरिया त्यांच्यापासून एंटेरोलॅक्टोन नावाचा मेटाबोलाइट बनवतात. अख्खं जवस बऱ्याचदा तसंच्या तसं बाहेर पडतं, कुटलेल्या जवसातून एंटेरोलॅक्टोन जास्त बनतं हे मोजून दाखवलेलं आहे. म्हणजे मुखवासातल्या अख्ख्या जवसापेक्षा खलबत्त्यातली चटणी केव्हाही सरस. आणि फिनलंडमध्ये बघितलं तर ज्यांनी अँटिबायोटिक्सचे कोर्स घेतले होते त्यांच्या रक्तात एंटेरोलॅक्टोन कमी होतं, कोर्स संपून बरेच महिने झाले तरी. साध्या सर्दीला केमिस्टकडून आणलेल्या तीन गोळ्यांचा हिशोब इथेही लागतो.

सगळंच बॅक्टेरियांवर नाही, काही गोष्टी चिरताना आणि कुटतानाच ठरतात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी या एकाच कुळातल्या. यांच्यात ग्लुकोसिनोलेट एका कप्प्यात आणि मायरोसिनेज एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं, चिरलं किंवा वाटलं की दोन्ही भेटतात आणि तिखट झणझणीत आयसोथायोसायनेट बनतं. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जाते ती झिणझिणी हीच. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन याच जातीचं, १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल तलालय यांच्या लॅबने ते वेगळं केलं, आणि एनआरएफ-२ ला जागं करणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत आहे. भाजी खूप शिजवली की एन्झाइम मरतं आणि सल्फोराफेन बनत नाही, म्हणजे अगदीच नाही असं नाही, बॅक्टेरिया थोडंफार करतात, पण कमी. मग २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरून खायला दिली, तर शरीरात चौपटीहून जास्त सल्फोराफेन पोचलं, कारण मोहरीतलं मायरोसिनेज जिवंत होतं. फोडणीतली तडतडलेली मोहरी इथे कामाची नाही, तेलात ते एन्झाइम मेलेलं असतं. फेसलेली कच्ची मोहरी लावलेली कोबीची पचडी मात्र या हिशोबात अगदी फिट बसते.

रेड वाइनवाल्यांसाठी एक छोटी बातमी. इटलीच्या कियांती भागात, म्हणजे वाइनच्या माहेरी, ६५ वर्षांवरच्या ७८३ लोकांच्या लघवीत रेस्वेराट्रॉलचे, म्हणजे रेड वाइनमधल्या ज्या घटकाचं कौतुक होतं त्याचे, मेटाबोलाइट मोजले आणि वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला: सुजेच्या मार्करशी संबंध नाही, हृदयविकाराशी नाही, मृत्यूशीही नाही. प्यायची असेल तर प्या, औषध म्हणून नको. कोकोचं जरा बरं आहे, अमेरिकेत २१,४४२ लोकांच्या कॉसमॉस ट्रायलमध्ये रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल (कोकोतले वनस्पती-घटक) असलेला कोकोचा अर्क दिला तर हृदयविकाराच्या एकूण घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत, हृदयविकाराचे मृत्यू मात्र २७ टक्के कमी झाले, पण ती मुख्य गोष्ट म्हणून मोजायची ठरलेली नव्हती त्यामुळे जपून वाचायचं. आणि हा अर्क होता, दुकानातलं चॉकलेट नाही, चॉकलेट बनवताना त्यातलं बरंच फ्लॅव्हनॉल उडतं.

आणि आता गोळ्यांबद्दल, कारण शेवटी लोक तिथेच जातात. जेवणातली हळद शेकडो वर्षं खाल्ली जातेय म्हणून हळदीची गोळीही सेफ असणार, हा तर्क चालत नाही, कारण गोळीत दहा-वीस पट डोस असतो आणि शोषण वाढवायला पायपरीन किंवा आणखी काही युक्ती केलेली असते, म्हणजे शरीर ज्याला अडवत होतं त्याला आपण मुद्दाम आत ढकलतोय. अमेरिकेतल्या औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांवर लक्ष ठेवणाऱ्या नेटवर्कने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या १० केसेस नोंदवल्या, त्यातल्या ७ जणांमध्ये एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार होता, आणि एक जण दगावला. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलेल्या लोकांमध्येही हाच जनुकीय प्रकार जास्त दिसलाय. इटलीने अशाच हिपॅटायटिसच्या केसेसनंतर २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटवर आरोग्याचे दावे छापायला बंदी घातली आणि इशारा छापणं सक्तीचं केलं. गोळ्या खाणाऱ्यांच्या मानाने केसेस थोड्या आहेत, पण आपल्यात तो जनुकीय प्रकार आहे की नाही हे कुणी तपासून घेत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या, किंवा आधीच लिव्हरचा त्रास असेल तर असलं काही सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि घेत असाल आणि लघवी गडद पिवळी व्हायला लागली, भूक मेली, डोळे पिवळे वाटले तर गोळी त्याच दिवशी बंद करून लिव्हर फंक्शनची टेस्ट करा. डॉक्टर "काही औषधं चालू आहेत का" असं विचारतात तेव्हा लोक ही गोळी सांगतच नाहीत, नैसर्गिक आहे म्हणून. ती सांगायची, जमलं तर डबीच सोबत न्यायची.